नाणेघाटचा रांजण आणि आइल ऑफ मॅन: बाबांबरोबर पाच दिवस

दिवस पहिला

बाबा नारायणगावहून माझ्याकडं इंग्लंडात प्रेस्टनला आले त्याला महिना होत आला होता. लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, दोन-चार चर्चेस झाली, आणि मग त्यांना कंटाळा यायला लागला, म्हणजे ते बोलत नव्हते पण रोज सकाळी नऊला बूट घालून तयार होऊन सोफ्यावर बसायचे. तेव्हा मी म्हटलं बाबा चला, तुमच्या खात्यातली जागा दाखवतो. हेशमचं बंदर आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, तिथून इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटाची बोट सुटते आणि पावणेचार तासात तिथल्या डग्लस गावाला पोचवते.

तुमच्या खात्यातली म्हणजे काय ते सांगतो. बाबांनी उभी हयात आर्वीच्या विक्रम भूकेंद्रावर काढली. पुणे-नाशिक रोडनं गेलेल्यांना नारायणगावजवळची ती प्रचंड पांढरी थाळी आठवत असेल. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं ते भारतातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, १९७१ सालचं. बाबा लागले तेव्हा खात्याचं नाव ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस होतं, १९८६ ला व्हीएसएनएल झालं, २००२ ला टाटांकडं गेलं. आखातातल्या माणसाचा घरी आलेला फोन हा बाबांच्या थाळीतून आलेला असायचा, असं आम्ही लहानपणी शाळेत छातीठोकपणे सांगायचो.

बोटीत बसल्यावर त्यांनी विचारलं, अरे तिथं लाँचपॅड आहे का? म्हटलं नाही. मग रॉकेट बनवतात का? नाही. मग खातं कुठलं आपलं? मी म्हटलं बाबा, तिथं उपग्रहांचे कागद होतात. ते काहीच बोलले नाहीत, डब्यातली दशमी काढली आणि खिडकीबाहेर बघत खाऊ लागले.

बोट मस्त आहे. मॅन्क्समन नाव, २०२३ ला आली, अजून नवी कोरी वाटते. कंपनी मात्र १८३० ची आहे, म्हणजे आपल्याकडं पेशवाई बुडून जेमतेम बारा वर्षं झाली होती तेव्हापासून हे लोक याच पाण्यातून माणसं नेतायत. समुद्र थोडा खवळलेला होता, बाबा निवांत होते, मलाच दोनदा बाहेर डेकवर जाऊन उभं राहावं लागलं. बाबांचा यूकेचा व्हिसा तिथं चालतो, वेगळा काढावा लागत नाही, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवा.

संध्याकाळी डग्लस दिसायला लागलं. अर्धचंद्राकृती किनारा आणि त्याच्या कडेनं एकाला एक चिकटलेली पांढरी-पिवळी जुनी घरं. आमचं बी अँड बी त्यातच होतं. मालकीणबाई साठीच्या, बाबांना बघून त्यांनी आधी चहा टाकला आणि मग आमची नावं लिहून घेतली. सुटे पैसे परत देताना एक पौंडाची नोट दिली. इंग्लंडात एक पौंडाची नोट कधीच गेली, या बेटाची मात्र स्वतःची आहे आणि ती इंग्लंडातल्या दुकानात कुणी घेत नाही. बाबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

दिवस दुसरा

सकाळी उठलो तर बाबा खिडकीशी उभे. म्हणाले इकडं ये, त्या समोरच्या घरांवरच्या डिश बघ. मी बघितल्या, नेहमीच्या टीव्हीच्या डिश. म्हणाले किती खाली बघतायत त्या, आपल्याकडं डिश आभाळाकडं तोंड करून असते, इथं क्षितिजाकडं. आणि ऑफसेट डिश आहे, म्हणजे लहरी पकडणारी डबी मधोमध नाही तर खालच्या बाजूला असलेली, त्यामुळं दिसते त्यापेक्षा थोडी वर बघत असणार, पण तरी वीस-बावीस अंशाच्या वर नाही. मी नंतर मोबाईलवर हिशोब केला, या डिश ज्याच्याकडं बघतात तो २८.२ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह डग्लसहून साधारण २१ अंशावर येतो. ७४ वर्षाच्या माणसानं चहाचा कप हातात धरून डोळ्यांनी मोजलेला कोन. मला खरंच भरून आलं.

कारण सरळ आहे. भूस्थिर उपग्रह सगळे विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटरवर एकाच कड्यात, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या एकाच गोल वाटेवर असतात. आर्वी १९ अंश अक्षांशावर, तिथून तो कडा जवळजवळ डोक्यावर येतो. हे बेट ५४ अंशावर, इथून तो दक्षिणेला खाली दिसतो. आणि तो कडा एकच आहे, सगळ्या जगाला मिळून एक, हे या सगळ्या प्रकरणाचं मूळ. शेजारशेजारच्या उपग्रहांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायला सुरुवात केली तर दोघांचाही आवाज बिघडतो म्हणून त्यात अंतर ठेवावं लागतं, म्हणून जागा मोजक्या.

नाष्टा करून आम्ही अॅथॉल स्ट्रीटला गेलो. हा इथला दलाल स्ट्रीट म्हणा. दगडी इमारती, दारावर पितळी पाट्या, बँका, वकील, हिशेबनीस, विमा. रस्ता एवढासा की दहा मिनिटात संपतो. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचे सासरे इथं कंपन्यांची कागदपत्रं सांभाळण्याच्या व्यवसायात होते, आता रिटायर झालेत, त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं होतं. आजोबांनी पहिल्या पाच मिनिटात बाबांना विचारलं की तुमची थाळी किती मोठी होती, आणि बाबांनी हात पसरून सांगितलं की जवळजवळ तीस मीटर, तिथून पुढं ती दोघं आणि मी श्रोता.

त्यांनी जे सांगितलं आणि मी आधी वाचलं होतं ते मिळून लिहितो, कारण हा भाग मला स्वतःला समजायला वेळ लागला होता.

कड्यातली जागा आणि फ्रिक्वेन्सी कुठल्याही कंपनीला थेट मागता येत नाही. जिनिव्हात आयटीयू नावाची संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था आहे, तिथं अर्ज फक्त देशानं करायचा असतो. तारीख महत्त्वाची, आधी आला त्याचा हक्क आधी, नंतर आलेल्यानं आधीच्याशी बोलणी करून जमवून घ्यायचं. अर्ज करून सात वर्षांच्या आत तिथं खरा उपग्रह सुरू झाला नाही तर जागा गेली. म्हणजे प्रत्येक उपग्रह कंपनीला कुठला तरी देश पाठीशी लागतोच. मोठ्या देशात हे काम करणारं खातं संरक्षण, टीव्ही, मोबाईल सगळ्यांच्या रगाड्यात असतं, कंपनीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत सात वर्षातलं दीड वर्ष संपतं.

आइल ऑफ मॅननं नेमकी ही अडचण हेरली. हे बेट ब्रिटनचा भाग नाही, ब्रिटिश राजाच्या अखत्यारीतलं पण स्वतःची संसद, स्वतःचे कायदे, स्वतःचा टॅक्स असलेलं. आयटीयूत मात्र ते ब्रिटनच्या छत्रीखाली बसतं, म्हणजे अर्ज बेटाचा, तो ऑफकॉम या ब्रिटनच्या दूरसंचार नियामक संस्थेकडून जिनिव्हाला जातो, वजन ब्रिटनचं. १९९८ मध्ये ख्रिस स्टॉट यांनी मॅनसॅट नावाची कंपनी काढली आणि बेटाच्या सरकारनं हे अर्ज तयार करायचं काम तिच्याकडं दिलं. थोडक्यात एक खिडकी. तुम्ही जगातली कुठलीही कंपनी असा, या खिडकीत या, तुमची फाईल हीच माणसं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार. स्टॉट यांच्या पत्नी निकोल स्टॉट नासाच्या माजी अंतराळवीर, २००९ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आल्या, त्यामुळं त्या घरात वर जाणारी आणि वरची जागा बघणारी दोन्ही माणसं.

बाबा मध्येच म्हणाले, म्हणजे सातबारा. मी म्हटलं काय? म्हणाले अरे सातबाराच की हा, जमीन कुणाच्या बापाची नाही पण उताऱ्यावर नाव कुणाचं ते महत्त्वाचं. आजोबांना सातबारा समजावून सांगताना माझी जी दमछाक झाली ती झाली, पण त्यांना समजल्यावर त्यांनी टेबलावर हात मारला. आणि बाबांचं म्हणणं अगदी बारकाईनं सुद्धा खरं आहे, कारण १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार आकाशातल्या कुठल्याच जागेवर कुणाची मालकी नसते. मालकी नाही, वहिवाट आहे. भोगवटादार वर्ग दोन म्हणा.

त्याच करारात अजून एक कलम आहे की खासगी कंपनीनं अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. उद्या उपग्रह कुणाच्या डोक्यावर पडला तर भरपाई देश देणार. म्हणून परवाना, विमा, तपासणी हे सगळं आलं, ब्रिटनचा १९८६ चा अवकाश कायदा या बेटालाही लागू केलेला आहे. आजोबा म्हणाले ते मला फार पटलं, की लोकांना वाटतं आम्ही नियम नाहीत म्हणून कंपन्या बोलावतो, पण नियम नसलेल्या जागी कुठली विमा कंपनी कोट्यवधी डॉलरच्या उपग्रहाचा विमा उतरवून घेईल? आम्ही नियम विकतो, पण वेळेवर.

आणि टॅक्स. तो विषय टाळून चालणार नाही. २००६ पासून इथं बहुतेक कंपन्यांना टॅक्स शून्य टक्के आहे. त्यामुळं नुसती जागेची नोंद नाही तर उपग्रहाची मालकीच इथल्या कंपनीच्या नावावर ठेवायची आणि तो भाड्यानं द्यायचा, असंही चालतं. लक्झेंबर्गच्या एसईएस या बलाढ्य कंपनीची उपग्रह भाड्यानं देणारी एक कंपनी या बेटावर नोंदलेली आहे. आणि गंमत म्हणजे सकाळी बाबांनी ज्यांचा कोन मोजला त्या डिश एसईएसच्याच अॅस्ट्रा उपग्रहांकडं बघत होत्या.

बाबांना शून्य टक्के काही आवडलं नाही. त्यांनी आयुष्यभर पगारातून टॅक्स भरलाय आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. ते म्हणाले मग हे रस्ते, ही ट्राम, ही शाळा कशावर? आजोबा म्हणाले कंपनी टॅक्स देत नाही पण तिच्यासाठी काम करणारा वकील देतो, हिशेबनीस देतो, दुकानदार देतो. आणि आता मोठ्या जागतिक कंपन्यांना १५ टक्के किमान टॅक्सचा नवा आंतरराष्ट्रीय नियम आलाय तो या बेटानंही २०२५ पासून लागू केलाय. बाबांचं समाधान झालं नाही, माझंही पूर्ण झालं नाही. ज्या देशात उपग्रहाची सेवा विकली जाते, जिथं इंजिनियर राबतात, तिथल्या सरकारच्या हातात काय पडतं हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो.

पण जी गोष्ट ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो ती ही. व्हायासॅट-१ नावाचा उपग्रह ऑक्टोबर २०११ ला बायकोनूरहून गेला, सेकंदाला १४० गिगाबिटची क्षमता, त्या वेळी जगात सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या घरांना इंटरनेट द्यायला. त्याची जागा ११५.१ अंश पश्चिम, आणि ती आइल ऑफ मॅनच्या नावावर आहे. बाबांनी लगेच मनात हिशोब केला आणि म्हणाले, ही जागा इथून दिसणारच नाही. खरंय. ती पार पॅसिफिकवर आहे, या बेटावरून बघितलं तर क्षितिजाच्या कितीतरी खाली, मध्ये अख्खी पृथ्वी आडवी. उताऱ्यावर नाव यांचं आणि शेत यांच्या शिवारातून कधीच दिसणार नाही.

दिवस तिसरा

सकाळी घोड्याची ट्राम बघितली, १८७६ पासून किनाऱ्यावर चालते. मग इलेक्ट्रिक ट्रामनं उत्तरेला रॅम्सी आणि तिथून बसनं जर्बी. गो एक्सप्लोर कार्ड काढलं की ट्राम, ट्रेन, बस सगळं त्यात येतं, पैसे वाचतात.

जर्बी म्हणजे सपाट माळ, दुसऱ्या महायुद्धातलं विमानतळ, मोटारींचं म्युझियम, आणि वारा. इतका वारा की बाबांची कानटोपी मी एका हातानं धरून चाललो होतो. इथं कशाला आलो तर जानेवारी २०११ मध्ये या जर्बीच्या हँगरमध्ये दोन रशियन अंतराळ स्थानकांचे सांगाडे आणून ठेवले होते. खरी स्थानकं, सोव्हिएत काळातल्या अल्माझ प्रकल्पातली, न उडालेली. अल्माझ हा लष्करी प्रकल्प होता, सॅल्यूत-३ नावानं गेलेल्या त्यांच्या एका स्थानकावर तर तोफ बसवलेली होती. एक्सकॅलिबर अल्माझ नावाच्या कंपनीनं ती आणि काही परतीच्या कुप्या (अंतराळवीरांना खाली आणणाऱ्या कॅप्सूल) विकत घेतल्या, ऑफिस डग्लसमध्ये टाकलं आणि सांगितलं की आम्ही श्रीमंत प्रवाशांना चंद्राभोवती फिरवून आणू.

बाबांना सॅल्यूत शब्द ऐकल्यावर राकेश शर्मा आठवले. १९८४ चा एप्रिल, सॅल्यूत-७. तेव्हा बाबा ड्युटीवर होते आणि केंद्रातले सगळे एका छोट्या टीव्हीसमोर गोळा झाले होते, कँटीनवाल्यानं त्या दिवशी कुणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. हँगरच्या बंद पत्र्यासमोर उभं राहून ते मला हे सांगत होते आणि वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं, मी परत परत विचारत होतो आणि ते परत पहिल्यापासून सांगत होते.

चंद्राची ती सफर कधी झालीच नाही. २०१४ मध्ये त्यातली एक कुपी ब्रुसेल्सच्या लिलावात दहा लाख युरोला गेली. त्याच काळात ओडिसी मून नावाची या बेटावरचीच दुसरी कंपनी चंद्रावर खासगी यान उतरवायच्या गूगलच्या चांद्रस्पर्धेत डिसेंबर २००७ ला सगळ्यात आधी नाव नोंदवून मोकळी झाली होती. आपली टीम इंडसही त्याच स्पर्धेत होती. स्पर्धा मार्च २०१८ ला कुणीच न जिंकता संपली. २०१० मध्ये अॅसेंड नावाच्या सल्लागार संस्थेनं चंद्रावर पोचण्याच्या शक्यतेत या बेटाला पाचवा नंबर दिला होता, ८० हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटाला! इथल्या पेपरांनी ते मोठ्या मथळ्यात छापलं असणार यात नवल नाही.

मला याचं वाईट वाटतं आणि मी ते मोकळेपणानं लिहितो. चंद्रस्वप्नाच्या वेळी जगभरचे कॅमेरे या माळावर आले असतील, पण बेटाला टिकाऊ पैसा आणि नाव मिळालं ते अॅथॉल स्ट्रीटच्या फायलींतून. फाईल करणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. बाबांच्या खात्याचंही तेच, रॉकेट सगळ्यांनी बघितलं, रात्री तीन वाजता अँटेनाचा कोन अर्ध्या अंशाच्या कितीतरी कमी फरकानं नीट करणारा माणूस कुणी बघितला नाही. माझे बाबा तो माणूस होते आणि मी सुद्धा लहानपणी त्यांना विचारायचो की तुम्ही रॉकेट का नाही उडवत.

परतताना बसस्टॉपवर पाऊण तास गेला. थर्मासमधला चहा आणि भाजके पोहे.

दिवस चौथा

धुकं. समोरचं घर दिसेना. मालकीणबाई म्हणाल्या मॅनानननं चादर ओढली. मॅनानन हा इथला समुद्रदेव, शत्रू आला की बेटावर धुक्याची चादर टाकून ते लपवतो अशी इथली जुनी समजूत. बाबा म्हणाले आपल्या नाणेघाटात जुलैत असंच असतं, आणि मग दिवसभर त्यांच्या डोक्यात नाणेघाट राहिला.

बसनं सेंट जॉन्सला गेलो. तिथं टिनवाल्ड हिल आहे, टेकडी कसली, चार पायऱ्यांचा गवताळ गोल ढिगारा. दरवर्षी ५ जुलैला इथली संसद या ढिगाऱ्यावर उघड्यावर भरते आणि वर्षातले नवे कायदे मॅन्क्स आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लोकांना वाचून दाखवतात. हजार वर्षांहून जास्त जुनी संसद म्हणतात, १९७९ ला त्यांनी सहस्राब्दी साजरी केली. खालच्या सभागृहात फक्त २४ सदस्य. त्याच गावात मॅन्क्स भाषेतली प्राथमिक शाळा आहे. जन्मापासून मॅन्क्स बोलणारा शेवटचा माणूस नेड मॅड्रेल १९७४ ला गेला, आणि आज तिथं पोरं त्याच भाषेत गणित शिकतात. मला ते ऐकून, आमच्या मराठी शाळांचे पट आठवून, काय वाटलं ते इथं लिहीत बसत नाही.

त्या ढिगाऱ्यासमोरच्या बाकावर बसून बाबांनी मला नाणेघाटचा रांजण सांगितला. जुन्नरकडच्या लोकांना माहीतच आहे, सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल जुन्नरला, पुढं पैठणला जायचा तो नाणेघाट चढून. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, जकातीचा. बाबा म्हणाले, त्या रांजणापाशी काही पिकत नव्हतं, काही बनत नव्हतं. पण वाट तिथूनच होती, आणि वाट सुरक्षित ठेवायला राजाची माणसं होती, गुहेत राहायची सोय होती, प्यायला टाक्यातलं पाणी होतं, म्हणून व्यापारी जकात देत होता. नुसता रांजण ठेवून कुणी नाणं टाकत नाही. या लोकांनी वाट राखलीय.

मी त्यांना टोंगाची गोष्ट सांगितली, कारण हे सगळं सुरू करणारं पहिलं छोटं बेट ते. पॅसिफिकमधल्या या चिमुकल्या राज्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीला कड्यातल्या तब्बल १६ जागांवर अर्ज टाकला, स्वतःचा एकही उपग्रह नसताना. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह संस्थेसकट मोठ्यांनी आरडाओरडा केला की हे जागा अडवून भाड्यानं देणार, आणि शेवटी टोंगाला कमी जागांवर समाधान मानावं लागलं. कागदी उपग्रह हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला आणि नियम कडक होत गेले. बाबांनी दोन्ही बाजू तोलल्या. म्हणाले, टोंगाचं चुकलं असेल, पण मोठ्यांनी आधी येऊन जागा धरल्या तेव्हा त्याला कुणी अडवणं म्हटलं नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आधी आला त्याचा हक्क या नियमात गरीब देश उशिराच येतो. आइल ऑफ मॅन छोटं असलं तरी गरीब नाही आणि एकटं नाही, त्याच्यामागं ब्रिटन आहे, विमा आणि बँकांची जुनी घडी आहे. फक्त बेट असून आणि टॅक्स शून्य करून हे जमलं असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे.

आणि घडी जुनी आहे हे खरंच. जहाजांची नोंदणी यांच्याकडं आधीपासून होती. मग १ मे २००७ ला खासगी विमानांची नोंदणी सुरू केली, जशी आपल्या विमानांवर व्हीटी अक्षरं असतात तसं इथल्यांवर एम. जहाज, विमान, उपग्रह, तिन्हीत काम एकच, फिरणाऱ्या वस्तूला पत्ता द्यायचा. बलासाला गावात मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटचे, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचे भाग बनवणारा कारखाना आहे, म्हणजे लोखंडाचं बारीक काम जाणणारे हातही बेटावर आहेत. त्या बाजूला जाताना वाटेत फेअरी ब्रिज लागतो, तिथं पऱ्यांना नमस्कार करायचा असतो. बसमधल्या एका शाळकरी मुलीनं बाबांना शिकवलं, लाअ माय म्हणायचं, म्हणजे शुभ दिवस. बाबांनी दोन्ही हात जोडून म्हटलं.

संध्याकाळी माझ्या मित्राची बहीण, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची सांगलीची, तिच्याकडं जेवलो. पिठलं, भाकरी, आणि इथल्या पील गावचे किपर म्हणजे धुरावलेले मासे. ती म्हणाली काका, इथं मंत्री भाजीच्या दुकानात भेटतो आणि लोक तिथंच त्याला रस्त्याच्या खड्ड्याबद्दल धरतात. बाबा हळूच मला म्हणाले, फाईल वेळेवर का हलते ते कळलं.

दिवस पाचवा

बोट संध्याकाळची होती आणि आभाळ एकदम लख्ख. लॅक्सीहून स्नेफेलची ट्राम धरली, १८९५ ची, अर्ध्या तासात ६२१ मीटरवर नेऊन सोडते. वाटेत लॅक्सीचं ते लाल-पांढरं पाणचक्र दिसतं, २२ मीटर व्यासाचं, १८५४ ला खाणीतलं पाणी उपसायला बांधलेलं. बाबा म्हणाले आमची थाळी याच्याहून मोठी.

माथ्यावरून स्वच्छ दिवशी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स दिसतं. आम्हाला स्कॉटलंड नक्की दिसलं, आयर्लंडचा निळसर पट्टा दिसला, वेल्सबद्दल आमच्यात वाद झाला.

बाबांनी खिशातून घड्याळ काढलं, सूर्य बघितला, दक्षिण ठरवली. मग हात सरळ पुढं केला, मूठ वळली, आणि समुद्राच्या रेषेपासून मुठीवर मूठ ठेवत गेले. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तिसरी मूठ पूर्ण व्हायच्या आत थांबले आणि म्हणाले, इथं. इथून कडा जातो, दक्षिणेला सगळ्यात उंच इथं, मग दोन्हीकडं उतरत उतरत समुद्रात. मी मोबाईल काढला, २८ अंश. आर्वीला किती मुठी बाबा? म्हणाले सात होत आल्या की मान दुखते.

मग त्यांनी उजवा हात हळूहळू पश्चिमेकडं नेला, उतरवत उतरवत, आयर्लंडच्या पट्ट्याला लागला, आणि तिथं न थांबता त्याच्याही खाली, पायाखालच्या गवताकडं बोट दाखवून ते म्हणाले, आणि तो यांचा अमेरिकेवरचा, तो इथं खाली कुठंतरी. शेजारी उभं असलेलं एक जर्मन जोडपं त्या गवतात काय आहे ते वाकून बघायला लागलं. ट्रामची घंटा झाली तरी बाबांचा हात तसाच होता, मी त्यांची कानटोपी नीट केली आणि म्हटलं चला, पुढची ट्राम पण आहे, बसू अजून थोडा वेळ.